दहा अंशांवर अडकलेली खूण

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या धाकटीनं मला विचारलं, "आजी, तुझी गाडी मेली ना?" मागून तुमच्या बाबांचा आवाज आला, "अगं, तो विषय नको काढूस, आजीला वाईट वाटतं." मला वाईट वाटलं नाही. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. गाडी मेली हे तुम्हाला लगेच सांगण्यात आलं. मेली नव्हती, हे सांगायला मात्र कुणी परत आलं नाही. म्हणून हे आता लिहिते आहे, राग ताजा आहे तोवर. नंतर मी समजूतदार होईन आणि अर्धं गाळून टाकीन.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. मी जन्मभर शाळेत विज्ञान आणि इंग्रजी शिकवलं, मला ते जमलंही असतं. पण इंग्रजीत मी फार सभ्य होते. मराठीत अडलं तर आईला विचारा. बाबांना विचारू नका, कारण या हकिगतीत ते स्वतः आहेत.

आता क्रमानं सांगते.

आपली फिकट निळी गाडी तुमच्या बाबांपेक्षा वयानं मोठी आहे. तुमच्या आजोबांनी ती घेतली तेव्हा साखरखेर्ड्यात अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं, ते इंग्रजीत. आजोबा मराठी शाळेतून मॅट्रिक झालेले. गावातले मिस्त्री, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो, त्यांना उर्दू वाचता यायचं. तेव्हा बॉनेट उघडलं की मी पुस्तक घेऊन खुर्चीवर बसायची, वाचून मराठीत सांगायची आणि ते दोघं हात काळे करायचे. दोन-तीन वर्षं असं चाललं. मग एक दिवस चाचा म्हणाले, "बाई, तुमी वाचता ते बराबर, पर खुद पाहात काऊन नाही?" त्या दिवसापासून माझेही हात काळे व्हायला लागले.

त्या पुस्तकातलं जे एक पान मला पाठ झालं ते ठिणगीच्या वेळेचं, टायमिंगचं. ते तुम्हाला कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून थोडं थांबा.

इंजिनात पेट्रोल ठिणगीनं पेटतं, पण ते एकदम पेटत नाही, त्याला जरासा वेळ लागतो. म्हणून पिस्टन पूर्ण वर पोचायच्या थोडं आधीच ठिणगी पाडावी लागते. किती आधी, ते अंशांत मोजतात. आता असं समजा, पाहुणे फाट्यावर उतरून चालत येणार आहेत. ते उतरल्याचं कळलं की चहा ठेवला तरी चालतो. पण तेच पाहुणे मोटारसायकलवर येणार असतील तर? चहा उकळायला तेवढाच वेळ लागणार, पाहुणे मात्र लवकर दारात. मग ते फाट्यावर पोचायच्या आधीच चहा ठेवायला हवा. इंजिनाचंही तसंच. ते हळू फिरत असेल तेव्हा आपल्या गाडीत ठिणगी दहा अंश आधी पडते. जोरात फिरायला लागलं की ती आणखी आणखी आधी पडली पाहिजे, थेट बत्तीस अंशांपर्यंत. याला ॲडव्हान्स म्हणतात. तुमच्या गाड्यांमध्ये हे सगळं संगणक करतो. आपल्या गाडीत ते काम प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन छोटी वजनं करतात. फिरण्याच्या जोरानं ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे ओढतात. इंजिन हळू झालं की बारीक स्प्रिंगा त्यांना परत आत आणतात. बस, एवढंच.

ते बरोबर चाललंय की नाही हे डोळ्यांनी पाहता येतं. चाचांकडे पिस्तुलासारखी एक बत्ती होती. तिचा प्रकाश प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकतो, त्यामुळे गरगर फिरणारी पुली जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. पुलीवर एक खाच असते आणि तिच्या शेजारी इंजिनावर अंशांच्या रेघा. चाचा आपल्या पानाच्या डबीतला चुना काडीनं त्या खाचेत भरायचे, म्हणजे खूण पांढरी चमकायची. इंजिन मंद असताना खूण दहावर उभी. पेडल दाबलं की ती सरकायला लागायची, पंधरा, वीस, पंचवीस, बत्तीस, आणि तिथे थांबायची. पेडल सोडलं की परत दहावर.

दरवर्षी खंडेनवमीला, गाडीला हळदकुंकू लावायच्या आधी, ही तपासणी व्हायची. दिवेलागणीला, कारण उन्हात बत्तीचा प्रकाश दिसत नाही. आजोबा पेडलवर, चाचांच्या हातात बत्ती, माझ्या हातात वही आणि पेन्सिल. नंतर चाचांचे डोळे गेले, तेव्हा बत्ती माझ्या हातात आली. गॅरेज बंद करताना त्यांनी ती मलाच दिली. "कान धोका देते बाई," म्हणाले, "हे नाही देत." चाचा गेले, आजोबा गेले. गावात मात्र अजून लोक म्हणतात, "साहेबांनी गाडी काय ठेवली होती!" म्हणोत. आता तेही मी सुधारत बसत नाही. वहीतलं अक्षर माझं आहे.

गेल्या वर्षी खंडेनवमीला मी घरी नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि मी आठ दिवस बुलढाण्याला बहिणीकडे होते. घर आणि गाडी तुमच्या काकांच्या हवाली. हा माझ्या दिरांचा मुलगा, शेजारीच राहतो, शेती करतो, दोन ट्रॅक्टर आहेत. मनानं चांगला आहे. हे मुद्दाम आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी ते विसरणार आहे.

थंडीत मी आणि काका तुमच्या आत्याला मलकापूर स्टेशनवर सोडायला गेलो. परत येताना गाडी मी चालवत होते. राजूर घाट लागला आणि माझ्या पायाला कळलं की काहीतरी बिनसलंय. पेडल खाली जातंय, गाडी वर जात नाही. ज्या चढावर आम्ही कायम तिसऱ्या गिअरमध्ये जायचो तिथे दुसरा टाकावा लागला, मग पहिला. इंजिन तापलं. दुधाच्या कॅनचा टेंपो आम्हाला हॉर्न देत मागे टाकून गेला.

"काकू, गाडी दमली आता," काका म्हणाला.

"गाडी दमत नसते. काहीतरी झालंय तिला."

"वय झालं हो तिचं."

हे बोलून तो खिडकीबाहेर पाहायला लागला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, चिखलीला एक नवीन गॅरेज झालंय, दाखवून आणू. गेलो. मेकॅनिक तिशीचा, चुणचुणीत. त्यानं गाडी चालू केली, मान तिरकी करून ऐकलं, डिस्ट्रिब्युटर हातानं जरासा इकडे, जरासा तिकडे फिरवला, पुन्हा ऐकलं.

"टायमिंग बराबर हाय," तो काकाला म्हणाला. "इंजनच बसलं. काढून टाका."

मी विचारलं, "तुम्ही बत्ती लावून पाहिलंत का?"

तो काकालाच म्हणाला, "कोणती बत्ती?"

"टायमिंग लाइट. आणि मंद असताना बरोबर असेल, पण फेरे वाढवल्यावर ॲडव्हान्स येतो का ते पाहिलंत?"

आता तो माझ्याकडे वळला. हसला, अगदी प्रेमानं. "आजी, तुमी गाडीत बसा बरं. उनात नका थांबू."

मुलांनो, मला जन्मात बरंच काही ऐकावं लागलंय. पण ज्या गोष्टीतलं मला त्याच्याहून जास्त कळत होतं त्याच गोष्टीपासून मला सावलीत नेऊन बसवायचं, तेही प्रेमानं! वर्गात असता तर बाकावर उभा केला असता. आणि मी काय केलं? मी गाडीत जाऊन बसले. त्या मेकॅनिकपेक्षा मला माझाच राग जास्त आहे.

घरी पोचेपर्यंत तुमच्या बाबांना बातमी गेली होती. रात्रीच्या जेवणाआधी फोन. "आई, इंजिनच गेलं तर काय करणार? आता सुटे भाग मिळत नाहीत. जाऊ दे ना. कुठे जायचं असलं की तो नेईल तुला." आवाज इतका समजुतीचा, जणू घरात कुणी गेलं होतं. चार दिवसांनी काकानं सांगितलं की मेहकरचा भंगारवाला सोमवारी ट्रक घेऊन येतोय. मला विचारलं नाही. सांगितलं.

मी रविवारी संध्याकाळी कपाटातून बत्ती काढली, वही काढली आणि काकाला हाक मारली.

"ये. पेडलवर पाय ठेवायला माणूस हवाय."

"काकू, उद्या तो येऊन राह्यला न. आता काऊन?"

"उद्या न्यायचीय ना? मग आज माझी आहे."

तो आला. गाडी दहा मिनिटं चालवून गरम केली. कार्बोरेटरमधून डिस्ट्रिब्युटरला जाणारी बारीक रबरी नळी काढली आणि कार्बोरेटरच्या बाजूचं भोक काडीनं बंद केलं, कारण आधी फक्त वजनांचं काम पाहायचं असतं. बत्तीचे दोन चिमटे बॅटरीला, तिसरा पहिल्या प्लगच्या वायरला. घरात पान कुणी खात नाही. चुना शेजारून आणला, खाचेत भरला. बत्ती धरली. नवीन डोळ्यांनी मला ती खूण इतकी स्वच्छ दिसली की क्षणभर बरं वाटलं. दहावर उभी.

"दे रेस. हळूहळू."

इंजिन चढत गेलं. खूण दहावर.

"अजून दे."

अख्खी शेड थरथरायला लागली. खूण दहावर. खिळ्यानं ठोकल्यासारखी.

"सरकली का हो काकू?" आतून त्यानं ओरडून विचारलं.

"नाही! सोड!"

मग ती सुटी रबरी नळी मी तोंडात धरली आणि जोरात ओढली. डिस्ट्रिब्युटरला एक दुसरी यंत्रणाही असते, इंजिन हवा ओढतं त्या जोरावर चालणारी. ती शाबूत आहे का हे चाचा असंच पाहायचे. काका बाहेर येऊन बघतच राहिला.

"काकू हुक्का ओढून राह्यल्या!"

"बत्ती धर आणि खुणेकडे बघ, माझ्याकडे नको."

"सरकली! सरकली काकू!"

म्हणजे ती बाजू ठीक होती. इंजिन बसलेलं नव्हतं. वजनं अडकली होती. पाहुणे मोटारसायकलवर येत होते आणि चहा रोजच्याच वेळेला ठेवला जात होता.

गाडी बंद केली. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आतला फिरता तुकडा, रोटर, बोटांनी पिळून सोडला की स्प्रिंगनं टपकन जागेवर यायला हवा. हा चिखलातून फिरल्यासारखा फिरला आणि तिथेच राहिला. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची पाटी उचलली. खाली वजनं दिसलीच नाहीत. काळं, घट्ट ग्रीस होतं, थिजलेलं, लाडवासारखं.

"हे काय आहे?"

काका वाकून पाहायला लागला. मग हळूच म्हणाला, "ग्रीस हाय ते."

"ते दिसतंय मला. कुणी भरलं?"

"म्याच. खंडेनवमीले. तुमी नव्हत्या. विळे, कोयते, पंप, दोन्ही ट्रॅक्टर, शिलाई मशीन, सगळ्याले तेल-ग्रीस झालं. म्हटलं एवढ्या गाडीले काऊन उपाशी ठेवा? फटीतून चांगलं दाबून भरलं. ट्रॅक्टरले भरतो तेच."

ट्रॅक्टर डिझेलचा. त्याला ना ठिणगी, ना डिस्ट्रिब्युटर, ना ही वजनं. त्यानं जन्मात जे इंजिन ओळखलं त्यात ग्रीस कधी वाया जात नाही. खंडेनवमीला आमच्याकडे लोखंड कोरडं ठेवत नाहीत. त्यानं ते भक्तीनंच केलं होतं. मी त्याच्यावर तोंड भरून ओरडले, आणि ओरडताना मला ठाऊक होतं की यात त्याचा दोष चमचाभर आहे.

पेट्रोल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन आम्ही ते सगळं धुऊन काढलं. वजनं मोकळी झाली. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, बास. पाटी बसवली, पॉइंटमधलं अंतर पट्टीनं मोजून लावलं, झाकण लावलं. पुन्हा बत्ती.

दहा. पेडल दाबलं आणि खूण सरकली. पंधरा, वीस, पंचवीस, तीस. बत्तीसवर थांबली. पेडल सोडलं, दहावर. तीन वेळा पाहिलं. मी वहीत लिहिलं.

"बघ," मी म्हणाले, "बसलेलं इंजिन उठलं. आता त्या भंगारवाल्याला फोन कर आणि येऊ नको म्हणून सांग."

काका फडक्याला हात पुसत राहिला, स्वच्छ झाल्यावरही.

"काय रे?"

"काकू, गुस्सा नका करू. दादानं मले दिवाळीलेच सांगतलं होतं."

दादा म्हणजे तुमचे बाबा.

"काय सांगितलं होतं?"

"का गाडी काढून टाक म्हणून. म्हणे आईनं आता चालवायले नाही पाहिजे, डोळ्याचं झालं, उद्या काही झालं त आपुन इतक्या दूर. म्हणे तिले सरळ सांगतलं त ऐकणार नाही. मले काही तुमाले सांगायची हिंमत होईना. मंग घाटात गाडी बिघडली, त म्हटलं..."

"म्हटलं बरं झालं."

"हाव," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या पदरात घालते.

"आणि तो चिखलीचा मेकॅनिक?"

"त्याले म्या काहीच पढवलं नव्हतं, देवाशपथ. तो खरंच तसं म्हणे. पण मंग मी बी दुसरीकडं दाखवली नाही."

मला तेव्हा काय झालं ते शब्दांत मांडते. ग्रीसचा राग एका क्षणात विरला. चूक कुणाच्याही हातून होते. पण ही सगळी माणसं माझ्या डोळ्यांबद्दल, माझ्या वयाबद्दल, माझ्या मरणाबद्दल दिवाळीपासून आपसात बोलत होती आणि माझ्याशी मात्र इंजिनाबद्दल. घाटातलं "वय झालं हो तिचं" मला आता ऐकू आलं.

मी तुमच्या बाबांना तिथूनच, शेडमधूनच फोन लावला. हात पेट्रोलचे होते.

"इंजिन ठीक आहे," मी म्हटलं. "ॲडव्हान्स अडकला होता. आता बत्तीस येतोय."

"तू स्वतः केलंस?"

"मीच करत आले आहे. आता खरं सांग. मी गाडी चालवू नये असं तुला वाटतं?"

"आई, आपण नंतर बोलू."

"दिवाळीपासून नंतरच चाललंय."

"हो, वाटतं," तो म्हणाला. "मला रात्री झोप लागत नाही कधीकधी. तुला सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

"मग काय? मी ऐकणार नाही म्हणून मला विचारायचंच नाही? भांडायचं माझ्याशी! चार वेळा फोन आपटायचा! माझ्या डोळ्यांबद्दल बोलायचं तर माझ्याशी बोल. त्या गाडीवर कशाला ढकलतोस? ती ना कबूल करू शकते, ना नाकारू शकते."

तो रडला असं मला वाटलं, पण लाइन खराब होती, म्हणून नक्की लिहीत नाही. मी फोन ठेवला. आपटलाच.

सोमवारी ट्रक आला. मी त्या माणसाला चहा दिला आणि गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. त्यानं काकाकडे पाहिलं. काका म्हणाला, "माह्याकडं काऊन पाहून राह्यला बे? गाडी त्यांची हाय." एवढं एक वाक्य बोलायला त्याला दिवाळीपासून वेळ लागला, पण बोलला.

त्यानंतर मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, आणि काकाला बरोबर आत बसवलं, म्हणजे मागाहून कुणी काही झाकलं असं नको. गाडी चालवते हे सांगितलं आणि विचारलं. डॉक्टर म्हणाले, दिवसा हरकत नाही. तिन्हीसांजेनंतर नको, समोरच्या दिव्यांनी तुमचे डोळे दिपतात. मला ते आवडलं नाही. पण त्यांनी माझ्याकडे बघून मलाच सांगितलं, म्हणून मी ते पाळते आहे. तुमच्या बाबांनाही तसंच लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "बरं." त्या एका शब्दात काय काय आहे ते मी शोधत बसले नाही. पण तुम्हाला काही सांगितलं गेलं नाही, हे गेल्या रविवारी कळलं, आणि हे पत्र सुरू झालं.

मध्यंतरी एकदा सकाळी मी आणि काका राजूर घाट चढून आलो. तिसऱ्या गिअरमध्ये. दुधाचा टेंपो भेटला नाही, याची मला जरा हळहळ वाटली.

तर धाकटे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गाडी शेडमध्ये आहे. दिवसा मी चालवते, अंधारात काका. बत्ती आणि वही माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहेत. खूण मंद असताना दहावर असते आणि पेडल दाबलं की बत्तीसवर जाते.